सोलापूरचं लाइव्ह ट्रॅफिक क्यूजीआयएसमध्ये चुकीचं दिसतं तेव्हा

संध्याकाळी सव्वासहाला आमच्या टेम्पोवाल्या मामांचा फोन आला. "ताई, तुमच्या नकाशात सात रस्ता हिरवा दिसतोय, आणि मी वीस मिनिटं झाली इथंच उभाय की. गाठी विजापूर रोडच्या गोदामात कधी टाकू?" मी लॅपटॉपकडे बघितलं. सात रस्त्याच्या सगळ्या रेषा हिरव्या. फाइलची वेळ बघितली, तर ती सहा वाजून दहा मिनिटांनी लिहिलेली. म्हणजे माहिती जेमतेम पाच मिनिटांपूर्वीची, नकाशा मोकळा, आणि मामांची गाडी अडकलेली.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी घेऊन निघणाऱ्या टेम्पोंनी कोणत्या वेळी कोणत्या रस्त्याने जावं, हे मी आखून देते. त्यासाठी लाइव्ह ट्रॅफिकची माहिती उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेते. पहिले तीन महिने ही अडचण माझा पिच्छा सोडत नव्हती. एकदा दुरुस्त केली की आठवड्याभरात दुसऱ्या रूपात हजर. कधी नकाशा कोरा, कधी कालचा, कधी मामांना दिसला तसा साफ खोटा. ही रूपं वेगळी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत, हे कळायलाच फार वेळ गेला. हे काम करणाऱ्या आणखी कुणाचा तितका वेळ जाऊ नये, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

आधी, ही माहिती येते कुठून

रस्त्यावरच्या मोबाइलमधून आणि गाड्यांमधल्या जीपीएसमधून वेग गोळा होतो, त्यावरून रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याचा सध्याचा वेग काढला जातो. चौकातल्या कॅमेऱ्यांचा याच्याशी संबंध नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्ते मिळतात, लाइव्ह ट्रॅफिक मिळत नाही. गुगल मॅप्सवरचे हिरवे-लाल रंग डोळ्यांनी बघता येतात, पण ते खरडून उतरवून घ्यायला त्यांच्या अटींत मनाई आहे. तसं करणारी प्लगइन्स आणि स्क्रिप्ट्स कुणी सुचवली तरी त्या वाटेला जाऊ नका. टॉमटॉम आणि हिअर या दोन्ही सेवा एपीआय की, म्हणजे माहिती मागायची किल्ली, देतात आणि मागाल त्या रस्त्याचा वेग आकड्यात पाठवतात. त्यांच्याही अटी नीट वाचा, विशेषतः माहिती किती दिवस साठवून ठेवता येते ते.

एका तुकड्यामागे साधारण तीन गोष्टी हाती येतात: आत्ताचा वेग, रस्ता मोकळा असतानाचा वेग, आणि या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते सांगणारा कॉन्फिडन्स. या तिसऱ्या गोष्टीकडे मी कित्येक दिवस लक्षच दिलं नव्हतं. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

मामांच्या फोनमागचं कारण

त्या रात्री मी उतरवलेल्या नोंदींचं कोष्टक उघडलं आणि सात रस्त्याच्या ओळी एकाखाली एक लावल्या. मला सव्वासहाची ओळ हवी होती. 18:15 अशी वेळ असलेली ओळ सापडली. वेग 38, मोकळ्या रस्त्याचा वेगही 38. सात रस्त्याला संध्याकाळी सव्वासहाला 38 चा वेग! सोलापुरात राहणारा कुणीही हे मान्य करणार नाही. मग सबंध दिवसाचा आलेख काढला. सगळ्यात मोकळी वेळ निघाली रात्री साडेनऊची. नवी पेठ, टिळक चौक, भैय्या चौक, सगळीकडे तेच. रात्री साडेनऊला नवी पेठेत दुकानदार शटर ओढत असतात, गिऱ्हाईक घराकडे निघालेलं असतं. शहर खरं रिकामं असतं ते पहाटे तीनच्या सुमाराला.

साडेनऊ आणि तीन यांत साडेपाच तासांचा फरक आहे, आणि उत्तर त्यातच होतं. कोष्टकातली वेळ भारतीय नव्हती, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, होती. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते. म्हणजे 18:15 अशी नोंद असलेली ओळ खरी रात्री पावणेबाराची होती. माझा लेयर, म्हणजे नकाशावरचा ट्रॅफिकचा थर, फक्त तास आणि मिनिट बघून गाळलेला होता, तारीख बघत नव्हता. त्यामुळे संध्याकाळी सव्वासहाला तो मला आदल्या रात्री पावणेबाराचं सात रस्ता दाखवत होता. तेव्हा तो चौक मोकळाच असतो.

आता हे पुन्हा पुन्हा का उद्भवत होतं ते सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. सुरुवातीला माहिती उतरवणारी स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवर चालायची. टॉमटॉमच्या रस्ता-तुकड्याच्या उत्तरात वेळ येत नाही, ती आपल्यालाच टाकावी लागते. मी 'आत्ताची वेळ' टाकत होते. लॅपटॉपचं घड्याळ भारतीय, म्हणून सगळं बरोबर. पुढे वीज गेली की नोंदी तुटायला लागल्या, म्हणून स्क्रिप्ट भाड्याच्या सर्व्हरवर टाकली. त्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, तेव्हापासून गडबड सुरू झाली. ती शोधून काढली आणि कोष्टकात साडेपाच तास मिळवून मोकळी झाले. पुढे हिअरची माहितीही घ्यायला लागले. तिच्यात वेळ येते आणि तिच्या शेवटी झेड हे अक्षर असतं. त्या झेडचा अर्थच यूटीसी. माझ्या स्क्रिप्टने ती वेळ वाचताना झेड टाकून दिला आणि तीच चूक मागच्या दाराने परत घरात आली.

म्हणून साडेपाच तास हाताने मिळवत बसू नका. साठवताना सगळीकडे यूटीसीच ठेवा, कॉलमच्या नावातच तसं लिहा, आणि भारतीय वेळेचा वेगळा कॉलम एकाच ठिकाणी, एकाच सूत्राने काढा. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये वेळेत 5 तास 30 मिनिटांचा इंटरव्हल मिळवता येतो. तो कॉलम डेटटाइम प्रकारचा असायला हवा. मजकूर म्हणून साठला असेल तर वेळेनुसार नकाशा दाखवणारा टेम्पोरल कंट्रोलर त्याच्याकडे बघणार नाही. ही सोय 2020 च्या 3.14 आवृत्तीपासून आहे. त्याहून जुनं क्यूजीआयएस असेल तर आधी ते बदला. आणि गाळताना तारीख कधीही वगळू नका.

तपासायची सोपी रीत अशी: तुमच्या माहितीत शहर सगळ्यात मोकळं किती वाजता दिसतं ते बघा. पहाटे अडीच-तीन-चार आलं तर वेळ बरोबर. रात्री नऊ-साडेनऊ-साडेदहा आलं तर यूटीसी. यासाठी आपल्याला आपलं गाव माहीत असलं की पुरे.

नकाशा कालचाच दिसतो

वेळ बरोबर आहे आणि तरी रंग बदलत नाहीत, असं असेल तर कॅशवर संशय घ्या. ट्रॅफिकचे रंग टाइलच्या, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यांच्या, रूपात घेतले असतील तर क्यूजीआयएस त्या टाइल साठवून ठेवतं. सर्व्हरने स्वतः मुदत सांगितलेली नसेल तर ते डीफॉल्टने 24 तास तीच टाइल वापरतं. रस्त्यांच्या साध्या नकाशासाठी हे उत्तम, ट्रॅफिकसाठी घातक. सेटिंग्ज, ऑप्शन्स, नेटवर्क या वाटेने जाऊन मुदत कमी करा आणि कॅश एकदा रिकामी करा. कॅशच दोषी आहे का याची खात्री करायची असेल तर टाइलच्या पत्त्याच्या शेवटी एखादा निरर्थक आकडा जोडून बघा. पत्ता बदलला की क्यूजीआयएसला ती नवी टाइल वाटते. रंग लगेच बदलले, तर चोर सापडला.

टाइलवरून एक आणखी. टाइल हे नुसतं चित्र असेल तर त्यातून वेगाचा आकडा निघत नाही. मार्ग आखायचा तर रेषा आणि आकडे हवेत. टाइल फक्त डोळ्यांनी पडताळायला ठेवा.

रेषांच्या फाइलचं दुखणं वेगळं. विंडोजवर क्यूजीआयएसने जीओपॅकेज (रेषा साठवायची फाइल) उघडून ठेवलेलं असताना स्क्रिप्ट ती फाइल पुसून नवी लिहायला गेली, तर विंडोज परवानगी नाकारतं. स्क्रिप्टने ही चूक गिळून टाकली तर तुम्हाला काहीच कळत नाही, जुनी फाइल जागेवर राहते. उपाय म्हणजे फाइल बदलायची नाही, तिच्यात नव्या ओळी जोडत जायच्या. शिवाय लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये रेंडरिंग या भागात ठरावीक सेकंदांनी रिफ्रेश करायची खूण आहे, ती लावा. ती लावली नाही तर फाइल बदलली तरी पडद्यावरचं चित्र तेच राहतं.

नकाशा कोरा

कोरा नकाशा बघून घाबरू नका, लेयरवर झूम टू लेयर करा. तुम्ही उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला पोचलात, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. सोलापूर साधारण 17.66 उत्तर, 75.91 पूर्व. उलटं लिहिलं की ते 75.91 उत्तर, 17.66 पूर्व होतं, आणि तिथे बर्फाळ पाण्याशिवाय काही नाही. सेवा बहुतेक वेळा अक्षांश आधी पाठवतात, जीओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात मात्र रेखांश आधी लिहायचा असतो. रूपांतर करताना घोटाळा इथेच होतो.

चौकटीने, म्हणजे भागाच्या चार कडा देऊन, मागणी करतानाही क्रम बघा. हिअरला पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर असा क्रम लागतो. शहरासाठी मी 75.85, 17.61, 75.97, 17.72 अशी चौकट देते. तीत बाळ्यापासून शेळगीपर्यंत आणि जुळे सोलापूरपर्यंतचा भाग बसतो.

झूम करूनही काहीच नसेल आणि लेयरला वैध नाही असं दाखवत असेल, तर सेवेने पाठवलेलं कच्चं जेसन थेट उघडायचा प्रयत्न झाला आहे. सेवेचं जेसन म्हणजे जीओजेसन नव्हे. आधी त्याच्या रेषा बनवून घ्याव्या लागतात.

रेषा दिसतात पण अंतरं जुळत नाहीत, अशी तक्रार एका विद्यार्थ्याने माझ्याकडे केली होती. तो वेब मर्केटर या नकाशा-प्रक्षेपणात लांबी मोजत होता. आपल्या अक्षांशावर त्यात किलोमीटरमागे जवळजवळ 50 मीटर जास्त दिसतात. लांबी मोजायला यूटीएम 43 उत्तर हे प्रक्षेपण घ्या, कोड 32643.

रोज एका ठरावीक वेळी माहिती बंद पडते

हे कोट्याचं लक्षण. माझ्या खात्याला दिवसाला 2,500 मोफत विनंत्या होत्या. सात रस्ता, पार्क चौक, आसरा, सैफुल, जुना पुणे नाका, मार्केट यार्ड धरून 24 ठिकाणं मी दर 15 मिनिटांनी विचारत होते. एका ठिकाणाला दिवसात 96 विनंत्या, म्हणजे एकूण 2,304. सगळं सुरळीत. मग एमआयडीसीकडची आणखी सहा ठिकाणं घातली. 30 गुणिले 96, झाले 2,880. तेव्हापासून रोज शेवटचे तीन तास कोरे जायला लागले, आणि मी आठवडाभर सर्व्हरला दोष देत बसले.

रात्री 12 ते 5 दर पंधरा मिनिटांनी विचारायची गरज नसते, तासाला एकदा पुरतं. तसं केल्यावर एका ठिकाणाला 81 विनंत्या झाल्या, 30 ठिकाणांना 2,430. कोट्यात बसलं. सेवा चौकटीने सबंध शहराची माहिती एका विनंतीत देत असेल तर तीच घ्या, ठिकाणं मोजत बसायला लागत नाही.

कोटा संपला की सर्व्हर माहितीऐवजी 429 हा कोड पाठवतो. एपीआय की चुकली तर 401 किंवा 403. कुठेतरी कॉपी करताना कीच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटली तरी हेच होतं. की एखाद्या वेबसाइटपुरती बांधून ठेवली असेल तर ब्राउझरमध्ये चालते आणि क्यूजीआयएसमध्ये नाही. स्क्रिप्टने आधी 200, म्हणजे सगळं ठीक असल्याचा कोड, आला का ते बघावं, आला नसेल तर फाइलमध्ये काही लिहू नये आणि कोड वेगळा नोंदवावा. एवढी एक अट आधी घातली असती तर माझा तो आठवडा वाचला असता.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

हिअरच्या सातव्या आवृत्तीत वेग मीटर प्रति सेकंदात येतो. होटगी रोडला 8.3 बघून मी मामांना तिकडे जाऊ नका म्हणाले होते. 8.3 ला 3.6 ने गुणलं की होतात ताशी 30 किलोमीटर. रस्ता चांगला चालत होता, मामा उगीच लांबून गेले. डिझेल त्यांचं जळलं. तेव्हापासून मी कॉलमच्या नावातच एकक लिहिते. हिअरचा जॅम फॅक्टर, म्हणजे कोंडीचा आकडा, मात्र सरळ आहे: 0 म्हणजे मोकळा, 10 म्हणजे बंद.

एखाद्या जागेचा बिंदू देऊन मागणी केली, तर सेवा सर्वात जवळचा तुकडा आपण होऊन निवडते. बाळ्याजवळ सर्व्हिस रोडवर टाकलेला बिंदू मला पुणे-हैदराबाद महामार्गाचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 65 चा वेग देत होता. उत्तरात त्या तुकड्याची रेषाही येते. ती एकदा नकाशावर टाकून बघा, आपण विचारलेला रस्ता तोच आहे ना. मी 30 बिंदूंसाठी हे केलं, त्यातले चार भलत्याच रस्त्यावर बसले होते. शिवाय दोन्ही दिशांच्या रेषा एकावर एक पडल्या की खालची झाकली जाते. आपण डावीकडून चालतो, म्हणून प्रत्येक रेषा तिच्या दिशेच्या डावीकडे थोडी सरकवा.

आता कॉन्फिडन्स. तो 0 ते 1 असतो. हिअरमध्ये 0.7 च्या वर असेल तर वेग खरोखरच आत्ताचा. 0.5 ते 0.7 मध्ये असेल तर तो जुन्या नोंदींवरून काढलेला. 0.5 किंवा त्याखाली असेल तर ती नुसती वेगमर्यादा. म्हणजे रस्त्यावर फोन-गाड्या पुरेशा नसल्या तरी कॉलम रिकामा राहत नाही, तिथे अंदाज भरला जातो. आणि अंदाज दिसायला अगदी खऱ्या आकड्यासारखाच असतो.

कन्ना चौकातून पूर्व भागातल्या आतल्या गल्ल्यांकडे बघा. माझ्या कोष्टकात एका गल्लीची सकाळची ओळ होती: वेग 27, मोकळा वेग 27. पुढची ओळ, 27 आणि 27. संध्याकाळी 27 आणि 27. तीन दिवस एकही आकडा हलला नव्हता. त्या गल्लीत घरासमोर मोटारसायकली लागलेल्या असतात, सुताच्या बाचक्यांची हातगाडी आडवी असते, समोरून रिक्षा आली तर कुणाला तरी मागे जावं लागतं. 27 चा वेग तिथे पहाटेसुद्धा मिळत नाही. कॉन्फिडन्स बघितला, तो 0.5 होता. न हलणारा आकडा ही अंदाजाची खूण आहे, कॉन्फिडन्सचा कॉलम उतरवला नसेल तरी ती ओळखता येते.

याचा खरा फटका बसला गड्ड्याच्या यात्रेत. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची, म्हणजे काठ्यांची, मिरवणूक निघते, मिरवणुकीचा मार्ग आणि होम मैदानाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. गाड्याच नाहीत म्हटल्यावर गाड्यांचा वेग येणार कुठून? सेवेने जुन्या नोंदींवरून आकडा भरला आणि माझ्या नकाशात ते रस्ते बाकी शहरापेक्षा मोकळे दिसले. मार्ग काढणाऱ्या प्लगइनने आनंदाने टेम्पो तिकडेच वळवला असता. मी तो कागद मामांच्या हातात देण्याआधी त्यांनीच विचारलं, "ताई, आज काठ्या निघणार, आणि तुम्ही मला त्याच वाटेनं पाठवताय?"

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. 0.7 किंवा त्याखालच्या रेषा हिरव्या-लाल रंगात दाखवत नाही, त्या करड्या आणि तुटक ठेवते. मार्ग काढताना अशा तुकड्यांना मोकळा वेग न देता माझ्या अनुभवाचा कमी वेग देते. दुसरं, बंद रस्त्यांचा वेगळा लेयर हाताने काढते. वाहतूक पोलिसांची अधिसूचना वर्तमानपत्रात आली की ते रस्ते त्यात घालते, सुरू आणि संपण्याची वेळ लिहिते. हा लेयर लाइव्ह माहितीच्या वर राहतो. दोघांत विसंगती असली तर हाताने काढलेल्याचं ऐकायचं.

कोष्टकात मी आणखी एक कॉलम जोडला आहे. त्याचं नाव 'मामा'. टेम्पोवाल्यांपैकी कुणाचा फोन आला की ते जे सांगतील ते त्या वेळेच्या ओळीसमोर लिहून ठेवते. परवा शुक्रवारची ओळ अशी आहे: सात रस्ता, भारतीय वेळ 18:20, वेग 9, मोकळा वेग 38, कॉन्फिडन्स 0.94, मामा: "अडकलोय." त्याच्या वरची ओळ पंधरा मिनिटं आधीची. त्यात वेग 11, आणि 'मामा' कॉलममध्ये माझ्या हाताने लिहिलेलं: "थांबायला सांगितलं, पण निघाले होते."